माझ्या बाहीचा पाठिंबा

मित्रांनो, रहिमतपुरात बाळाबाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून असलेला मी एक जुना लष्करी ओव्हरकोट आहे. माझी लोकर अजून जाड आहे आणि पितळी बटणेही शाबूत आहेत. तोंड मात्र मला कोणी दिले नाही. नाहीतर त्या दिवशी मीच बोललो असतो.

गिरणीतून निघालो तो थेट जालिंदरच्या अंगावर चढलो. जालिंदर म्हणजे बाळाबाईंचा एकुलता एक मुलगा. दुसऱ्या महायुद्धात आम्ही दोघे बोटीने इटलीला गेलो. "दोस्त राष्ट्रांसाठी लढायचे," असे साहेब सांगत. एवढे बडे लोक आपले दोस्त कधी झाले, याचे जालिंदरला नवल वाटे. एका पहाटे त्याने मला एका जखमी सोबत्यावर पांघरले आणि तो त्याच्यासाठी पाणी आणायला गेला. तो परत आलाच नाही. त्याच्या सामानाबरोबर मी एकटा घरी आलो.

बाळाबाईंनी मला पोटच्या पोरासारखे जपले. थंडीत पांघरले, उन्हात वाळवले, कसर लागू दिली नाही. माझ्या बाहीवरून हात फिरवताना त्या जालिंदरशी बोलत. अशी वीस वर्षे गेली.

मग १९६६ साल आले आणि आमच्या दारात हंबीरराव आले. हे गावचे पुढारी. यांनी बंदूक पाहिली ती खंडेनवमीला, तीही हळदकुंकू लावलेली. म्हणाले, "मावशी, जालिंदरचा सत्कार करायचा हाय. कोट द्या जरा."

पोराचे नाव गावात घेतले जाणार म्हणून बाळाबाईंनी मला आनंदाने झटकून दिले. हंबीररावांनी मला कुठे ठेवावे? स्वतःच्या अंगात! भर वैशाखात लोकरीचा कोट घालून बाजारपेठेतून मिरवणारा माणूस मी प्रथमच पाहिला. त्यांचे पोट बटणांत मावेना आणि घाम माझ्या अस्तरात जिरेना. मला त्यांची किळस आली.

सभेत त्यांनी घसा खाकरला. "अमेरिकेने व्हिएतनामवर बाँब टाकले, तर बिघडले काय? आपण त्यांचा गहू खातो. दोस्ताने हल्ला केला की दोस्तांनी पाठिंबा द्यायचा असतो. गावाने आज तसा ठराव करावा. आपला वीर जालिंदर याच्या वतीने पहिला हात मी वर करतो."

व्हिएतनाम कुठे आहे, हे विचारले असते तर त्यांचे बोट शेजारच्या कोरेगावापुढे सरकले नसते. पण हात मात्र झटकन वर गेला आणि त्याबरोबर माझी बाहीही. जखमी माणसावर पांघरलेली बाही कुणाच्या तरी घरावर पडणाऱ्या बाँबसाठी वर गेली. काखेतली शिवण टर्रकन उसवली. लोक हसले.

पुढे बसलेल्या बाळाबाई उठल्या. त्या हसत नव्हत्या.

"आवं हंबीरराव, माझ्या पोराच्या वतीनं बोलायला तुमाला कुनी सांगितलं? त्यो दोस्तांसाठीच ग्येला. त्या दोस्तांतला योक तरी माझ्या दारात आला व्हय? गहू खाल्ला म्हून कुनाच्या घरावर बाँब टाकायला व्हय म्हनायचं? दोस्त चुकला तर त्येचा हात धरावा, का आपला वर करावा?"

"मावशी, हे राजकारण हाय. तुमाला न्हाई कळायचं."

"मग तुमच्या आकारामाला धाडा की तिकडं. लय धट्टाकट्टा हाय पोरगा."

हंबीरराव गडबडले. "तसं न्हवं मावशी... त्येची परकुर्ती नाजूक हाय..."

मित्रांनो, पाठिंब्यासाठी त्यांनी एक हात वर केला होता. स्वतःच्या पोराचे नाव निघताच दोन्ही वर केले. ठराव तिथेच बारगळला. बाळाबाईंनी मला त्यांच्या अंगातून काढले, तेव्हा मी घामाने चिंब झालो होतो.

घरी त्यांनी मला धुतले, वाळवले आणि सुई-दोरा घेतला. उसवलेली काख शिवताना त्यांनी बाही माझ्या अंगालाच घट्ट टाचून टाकली, दुहेरी दोऱ्याने. तेव्हापासून मला अंगात घालून हात वर करता येत नाही.

मित्रांनो, बाळाबाई आता थकल्या आहेत. उद्या मी तुमच्या हाती येईन. मला ऊन दाखवा, कसरीपासून जपा, थंडीत कुडकुडणाऱ्या माणसावर खुशाल पांघरा. ही शिवण तेवढी उसवू नका.