नावं ठेवण्याजोगं मांस

दाबेने मारून आणलेल्या कुडू हरणाला सगळ्या वस्तीने नावं ठेवली आणि इकडे काशेच्या पोटात दुखायला लागलं.

"एवढ्यासाठी आम्हाला उन्हातून फरफटत नेलंस होय?" म्हातारा त्सामको म्हणाला. "शिंगं तेवढी दिसतायत. हरीण कुठंय?"

बायका म्हणाल्या, हे शिजवण्यापेक्षा चपला उकळलेल्या बऱ्या. दाबेही मान खाली घालून म्हणत होता की खरंय बाबांनो, चूक झाली, तिथेच तरसांना टाकून यायला हवं होतं. सगळे खिदळत होते. आणि कुडू असा माजलेला, की सुरी चरबीतच रुतून बसत होती.

रीतच आहे ती. मोठी शिकार आणणाऱ्याच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून त्याच्या मांसाला नावं ठेवायची, त्यानेही ठेवायची. शिकार जेवढी मोठी तेवढा शिव्यांचा आहेर मोठा. काशेने जवानीपासून असले आहेर पोटभर घेतले होते. आता ते सगळे दाबेकडे चालले होते. आणि दाबे कोण, तर काशेच्या बायकोचा धाकटा भाऊ, ज्याला काशेनेच बोटाला धरून माग काढायला शिकवलं होतं.

झालं होतं असं, की मागच्या हिवाळ्याआधी काशे मधासाठी गोरखचिंचेवर चढला आणि वरून सटकला. उजव्या कोपराचा चुराडा. बायको, खारू, म्हणत होती दवाखान्यात जाऊ, तर हा म्हणे, सूज आहे, उतरेल. उतरली नाही. शेवटी गेला तेव्हा उशीर झाला होता. हात बरा झाला, पण काठीसारखा ताठ. कोपर वाकेना. आणि कोपर वाकलं नाही तर धनुष्याची दोरी ओढणार कशी?

त्याच दिवसांत दाबे त्याच्याकडे बाण मागायला आला होता. आमच्यात ज्याचा बाण त्याचं मांस. मारणारा कुणीही असो, वाटप बाणाचा मालक करतो. म्हातारे, बायका, सगळेच आपले बाण शिकाऱ्याजवळ देतात. दाबे म्हणाला, "दाजी, तुमचा एक बाण द्या. तुमच्या नावाने मारून आणतो."

काशेला ती भीक वाटली. बाण नाहीत म्हणाला. भाता त्याच्या पाठीमागेच लटकत होता, दाबेला दिसत होता. दाबे उठून गेला, पण वस्तीत बाण मागून नाही म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. खारू महिनाभर नीट बोलली नाही.

आणि आता हा कुडू. दाबेने काशेच्या पुढ्यात चांगला वाटा आणून ठेवला, वर चरबीचा गोळा. काशेने खाल्ला. खारू भावाला काय काय बोलत होती, हसून हसून डोळे पुसत होती. मला कधी बोलली होती अशी शेवटची? काशे आठवत बसला.

दुसऱ्या दिवसापासून तो एकटाच रानात जायला लागला. ताठ हात दोरी ओढायच्या कामाचा नाही, पण धनुष्य धरायला काय हरकत आहे? धनुष्य धरायचं तर हात ताठच लागतो. मग त्याने धनुष्य उजव्या हातात धरलं आणि दोरीला डाव्या हाताची बोटं लावली. पहिला बाण त्याच्याच पायाजवळ पडला.

एक रानकलिंगड वाळूत ठेवायचं आणि मारत राहायचं. डावा हात नुसता ठोंब्या. बोटांना फोड आले. मिटायचा तो डोळा उघडा राही आणि उघडायचा तो मिटे. भाता दुसऱ्या खांद्यावर गेला. झुडपाला वळसा घालायची बाजूसुद्धा बदलली, नाहीतर धनुष्य फांदीत अडके. पोटावर सरपटताना उजवा हात ओंडक्यासारखा मागून ओढावा लागे. तो चिडे, स्वतःला शिव्या देई, आणि थकला की दाबेचा खाली मान घालून हसणारा चेहरा आठवे. मग परत उठे.

पाऊस येऊन गेला, गवत वाळलं, आणि एका सकाळी त्याने एक छोटं डुइकर हरीण मारलं. काखेत मावेल एवढं. वस्तीत आणून टाकलं आणि नेहमीसारखं तोंड पाडून बसला, आता कोण काय बोलतंय याची वाट बघत.

"छान झालं हो," त्सामको म्हणाला.

शेजारची मावशी पाठीवरून हात फिरवून म्हणाली, किती कष्ट घेतलेस रे बाबा. कुणीतरी म्हणालं, मांस कोवळं आहे, उत्तम आहे. खारू तर चक्क गोड हसली. त्याच्या मांसाला आजवर कुणी उत्तम म्हटलं नव्हतं. उत्तम म्हणतात ते पोराने पहिलं पाखरू मारलं तर, किंवा आंधळ्याने लाकडं गोळा करून आणली तर. आणि पलीकडे बसलेला दाबे मान हलवत म्हणाला, "वा दाजी." तोंडात मारली असती तर बरं, असं काशेला वाटलं.

त्यानंतर तो लहानसहान जनावराकडे बघेनाच. हरणं शेजारून गेली तरी बसून राही. खारूला वाटलं, याने पुन्हा हाय खाल्ली.

आणि मग एका दुपारी, उलट्या वाऱ्यात, एक नर इलंड, हरणांतलं सगळ्यात मोठं जनावर, एकटाच काटेरी झुडपाचा पाला ओरबाडत उभा दिसला. बैलाएवढा, गळ्याखालची पोळी लोंबतेय. काशे सरपटला. ताठ हात मागून येत होता, वाळू तोंडात जात होती. अगदी जवळ गेल्यावर गुडघ्यावर उठला, डाव्या हाताने दोरी ओढली आणि डोळा बरोबर तोच मिटला. बाण बरगडीच्या मागे बसला. इलंड दचकला आणि धावत सुटला. बाणाला विष ताजं होतं, रात्रभरात चढणार होतं. आता घाई करायचं काम नव्हतं.

वस्तीत येऊन तो रीतीप्रमाणे शेकोटीपाशी बसला. काय दिसलं का म्हणून विचारल्यावर म्हणाला, काही नाही, काहीतरी बारीकसं होतं. त्सामको म्हणाला, बारीक तर बारीक, सकाळी माग काढू.

सकाळी माग काढायला चौघे निघाले, दाबे सर्वांत पुढे. थोडं गेल्यावर दाबे खुरांच्या ठशापाशी वाकला आणि वाकलेलाच राहिला. ठसा त्याच्या तळहाताहून मोठा होता. उठला तेव्हा हसत नव्हता.

उन्हं चढल्यावर इलंड सापडला, आडवा पडलेला, टेकाडासारखा. सगळे भोवती उभे राहिले. त्सामकोने काशेच्या ताठ हाताकडे पाहिलं, मग जनावराकडे, आणि म्हणायला लागला, "अरे वा, खूप छा..."

आता हेही गेलं, असं काशेला वाटलं.

"छान?" दाबे ओरडला. "यात छान काय आहे? दात बघा त्याचे, झिजून गेलेत. हे म्हातारं दाजींच्या बाणाने नाही मेलं, दाजींना सरपटताना बघून हसून हसून मेलं."

आवाज रीतीपेक्षा मोठा होता आणि शेवटी कापला. काशेने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. ती नजर त्याला चांगली ठाऊक होती. मागच्या पावसाआधीपासून तो स्वतः तीच घेऊन फिरत होता. दाबे जळत होता. मनापासून, अगदी आतून जळत होता. काशेच्या जिवाला गारवा वाटला.

मग त्सामकोलाही कंठ फुटला. म्हणाला, हाडं वाहून न्यायला गाढव आणायला हवं होतं. बाकीचेही तुटून पडले. काशे खाली मान घालून म्हणाला की चुकलंच, डाव्या हाताला अक्कल कुठली, इथेच सोडून जाऊ. वस्तीत पोचल्यावर खारूने मांस नुसतं चिमटीत धरून नाक मुरडलं. "हे खायला मी तुझ्याशी लग्न केलं?" ती म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काशे तिच्याकडे बघतच राहिला.

वाटप त्यानेच केलं. दाबेच्या वाट्याला छातीचा भाग घातला, सगळ्यांत चरबीचा. दाबेने तो उचलला, पण खायला घेईना. मग काशेने भात्यातून एक बाण काढला, विषाला हात न लावता, आणि त्याच्यापुढे धरला.

"पुढच्या वेळी हा ने."

दाबेने बाणाकडे पाहिलं. "तुमचा बाण म्हणजे मांस तुमचं होणार."

"मग? माझंच होणार."

"आणि शिव्या?"

"त्याही माझ्याच," काशे म्हणाला. "तुला एकही देणार नाही."

दाबेने बाण हातात घेतला, डोळ्यासमोर धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश न्याहाळला.

"वाकडा आहे," तो म्हणाला, आणि आपल्या भात्यात ठेवला.