शेपटातली अकरा भोकं

तीस वर्षं मी बसच्या बॉड्या बांधल्या. पत्रा, अँगल, रिव्हेट, झालं काम. त्यामुळे माझ्या मेहुण्यानं, म्हणजे हिच्या थोरल्या भावानं, खोक्यांतून सुटे भाग मागवून विमान बांधायला काढलं तेव्हा त्याला पहिला मीच आठवलो. मेहुणा दातांचा डॉक्टर. सगळे त्याला डॉक्टर म्हणतात, मीही तेच म्हणतो, ही तेवढी दादा म्हणते. दवाखान्याच्या मागं त्याची पत्र्याची शेड आहे. भिंतीपलीकडे तो लोकांचे दात कोरायचा, अलीकडे मी विमान कोरायचो. माझं गिऱ्हाईक कण्हत नव्हतं, एवढाच फरक.

चार वर्षं झाली. पंख तयार होऊन भिंतीला टेकून उभे. राहिलं होतं धड, आणि धडात शेपूट. खरं सांगतो, जीव कंटाळला होता. खांदा असा धरायचा की घास तोंडात न्यायला डावा हात लागायचा. डॉक्टरही दमलेला. उडायला प्रकृतीचा दाखला लागतो. तो त्याला मिळाला, पण तपासणाऱ्यानं वर सांगितलं, हृदयाचं काही खरं नाही, पुढच्या वेळी भरवसा देत नाही. दाखल्याचे चौदा महिने उरले होते. तेवढ्यात विमान उडालं तर डॉक्टर त्यात बसणार, नाहीतर विकून टाकायचं आणि दुसऱ्या कुणीतरी उडवायचं. बोलायचं कुणी नाही. पण तिघांच्याही डोक्यात तेच.

रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. बाहेरून एकानं हवेची गन लावायची, आतून दुसऱ्यानं लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. शेपटाकडं धड निमुळतं होत जातं. तिथं मी मावत नाही, डॉक्टर तर पोटालाच अडकतो. म्हणून ही आत जायची. उशी घेऊन, डोक्याला बॅटरी बांधून, बासष्टाव्या वर्षी.

"माहेरी मला असं कुणी कोंबलं नव्हतं," आतून म्हणायची.

"माहेरचंच काम आहे. ठोकळा धर."

त्या दिवशी दुपारी शेपटाच्या शेवटच्या फ्रेमवर पत्रा बसवत होतो. पत्र्याची आणि फ्रेमची भोकं जुळेनात. बसच्या कारखान्यात अशा वेळी एक नंबर मोठं ड्रिल घालतात आणि एक नंबर मोठा रिव्हेट ठोकतात. आमचा फोरमनही तेच करायचा. माझ्या हातानं मला न विचारता तेच केलं. एक झालं, दुसरं झालं, करता करता अकरा झाली.

"अहो," ही आतून म्हणाली, "ही भोकं पार कडेला आलीत."

"बसला चालतं."

"बस बंद पडली तर लोक उतरून धक्का मारतात. याला कोण मारणार?"

मी गन खाली ठेवली. फळीवरचं, सुट्या भागांबरोबर आलेलं बांधणीचं पुस्तक काढलं. मला ती भाषा येत नाही, पण चित्र कळतं. भोकापासून कडेपर्यंत किती पत्रा शिल्लक पाहिजे ते काढलं होतं, आणि शेजारी अगदी माझ्यासारखं भोक, त्यावर मोठी फुली. डॉक्टर ते पान वाचून दाखवायला लागला होता. मीच म्हणालो होतो, राहू द्या हो, पत्र्यातच केस पिकले माझे.

शुक्रवारी विमानाची बांधणी बघायला तपासनीस येणार होता. त्याच फ्रेमवर एक पट्टी बसते. ती बसली की अकराही भोकं झाकली जातात. दहा मिनिटांचं काम. आणि नवा पत्रा, नवी फ्रेम मागवायची तर जहाजानं सहा महिने. मग पुन्हा बसवा, मग इंजिन, मग रंग. चौदा महिने कुठले पुरतात.

मी पट्टी उचलली. ही पाय पुढं काढत उलटी रांगत बाहेर आली, गुडघे चोळत बसली. पट्टीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"लावा. फक्त पहिल्यांदा उडेल तेव्हा दादाच्या शेजारी मी बसणार."

मी पट्टी ठेवून दिली. दवाखान्याचं मागचं दार वाजवलं.

"डॉक्टर, जरा येता?"

"पेशंट आहे आत."

"तोंड उघडं आहे त्याचं?"

"नाही."

"मग या."

तोंडाला मास्क तसाच, हातात दात बघायचा छोटा आरसा. शेपटात हात घालून त्या आरशात त्यानं एकेक भोक बघितलं. घाई केली नाही.

"अकरा," म्हणाला.

"अकरा."

"वाचून दाखवत होतो मी, भावोजी."

"हो."

खोक्यावर बसला. मास्कमुळे तोंड काही दिसत नव्हतं.

"पट्टी लावून टाकणार होतो मी," मी म्हणालो. कशाला बोललो कोण जाणे.

"मग का नाही लावलीत?"

"तुमची बहीण शेजारी बसणार म्हणाली."

आरसा खिशात टाकून उठला. मग, "घरी जा दोघं. माझा पेशंट थांबलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी एकटाच गेलो. म्हटलं, ठोकलेले रिव्हेट तरी काढून देऊ, मग हाकललं तर हाकललं. शेड उघडी होती. डॉक्टरनं दवाखाना बंद ठेवला होता आणि चार रिव्हेट कोरून काढलेही होते. खांद्याला फोन धरून तपासनिसाशी बोलत होता.

"या शुक्रवारी नको... नाही, सांगतो... नक्की नाही सांगता येत."

फोन ठेवला. नवीन पत्र्याची ऑर्डर गेली होती.

"आणि दाखला?" मी विचारलं.

"संपला तर तुम्ही शिका उडवायला."

"मला बस चालवायचं लायसन नाही."

"मग तिला शिकवू. ती मावते तरी आत."

उरलेले रिव्हेट मी काढले. त्याचे चार निघाले असतील तेवढ्या वेळात माझे सात झाले, पण बोललो नाही. पत्रा सुटला. त्यानं एक टोक धरलं.

"खालून धरा, वाकेल."

"वाकू दे की. भंगारातच जाणार."

"धरा म्हटलं ना."

मी धरला.