पंपाची वीज

बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता, तोच प्रयोगशाळेच्या गच्चीवरच्या त्यांच्या सौरयंत्रावर त्यांच्या नावाची पितळी पाटी चढली. लेक त्याच प्रयोगशाळेत संशोधक होती. पाटी पाहून तिला भरून आलं. मग नजर आरशांच्या मधोमध गेली आणि डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. उन्हाची वीज करणाऱ्या सौरघटासमोरची फिल्टरची काच गायब होती.

“काका, काच कुठंय?”

काका म्हणजे बाबांचे जुने सहकारी. ते मान खाली घालून आरसा पुसत राहिले. “साहेबांनी काढायला लावली गं. काच असली की विजेचा आकडा जरा कमी दिसतो. पाहुणे यायचेत.”

“आणि घट तापतोय त्याचं काय?”

“पंप सोडलाय ना फुल.”

घट थंड ठेवायला पंप ऊर फुटेस्तोवर पाणी ढकलत होता. एकवटलेल्या उन्हातला जो भाग घटाला पचत नाही, त्याची नुसती उष्णता होते. तो काचेनेच आधी बाहेर वळवा, थोडी वीज गेली तरी चालेल, पण थंड करण्याचा खर्च वाचेल, हे सांगून सांगून बाबांची जीभ झिजली होती.

“पंपाची वीज कुठून येते, काका?”

“प्लगमधून.”

“वा! मिळकत आपली, खर्च शेजाऱ्याचा!”

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले साहेब हसतमुखाने वर आले. “अगं, आज तुझ्या वडिलांचा सन्मान. असा चेहरा का?”

“आकड्यातून पंपाची वीज वजा करा. नाहीतर काच परत बसवा.”

“पाहुणे जिन्यात आहेत. नंतर बघू. भावना आवर, पोरी.”

पोरी! तिने भावनेचा एक शब्द काढला नव्हता. रडायचं होतं तेव्हा ती घरी, दार लावून रडली होती. इथे ती वजाबाकी मागत होती, आणि हा माणूस तिच्या डोक्यावर हात फिरवत होता.

“मग बाबांचं नाव या खोट्या आकड्याखाली राहणार नाही.”

“वेडी आहेस का? राहील!”

तिने काकांच्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर उचलला आणि पहिला स्क्रू सोडवला. साहेब “काका, थांबवा हिला!” म्हणून ओरडले. काका पुढे आले आणि पाटी पडू नये म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली.

गच्चीचं दार उघडलं. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, “हे काय चाललंय?”

“दुरुस्ती,” ती म्हणाली आणि तिने दुसरा स्क्रू फिरवायला घेतला.