फोटोपुरतं पाणी

“ही बाटली एवढी रिकामी का?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“रिकामी नाही सर, तिच्यात हवा आहे,” विज्ञानाच्या बाई म्हणाल्या.

“हवा फोटोत दिसते का?”

पटांगणात खुर्च्या मांडून झाल्या होत्या, पालक जागा धरत होते, पाहुण्यांची गाडी फाटकाशी आली होती. लाकडी पाटावर बूच लावलेली बाटली उलटी उभी होती. तिला पुठ्ठ्याचे तीन पंख होते, बुचातून आलेली नळी सायकलच्या पंपाला जोडली होती आणि भोवती नववीची पाच मुलं उभी होती.

त्यातली एक मुलगी पुढे आली. हाती लागेल ते तोलून बघायची सवय, म्हणून वर्गात तिला सगळे वजनकाटा म्हणत. “सर, एक भाग पाणी आणि दोन भाग हवा. पंप मारला की हवा दबते. बूच सुटलं की ती पाण्याला खाली रेटते आणि पाणी बाटलीला वर रेटतं. सगळं पाणीच भरलं तर दाबायचं काय?”

“आणि बाटली जड होईल ते वेगळंच,” मागून कोणीतरी म्हणालं.

“अगं बाळा, पाण्याचं रॉकेट ना? मग पाणी दिसू दे की. लाल रंग टाका आणि गळ्यापर्यंत भरा.” मग मुख्याध्यापकांनी बाईंना बाजूला घेतलं. “पालक खूश झाले तर तुमचा प्रात्यक्षिकाचा तास पुढच्या वर्षी राहील. नाहीतर त्या जागी सराव परीक्षा घ्या म्हणून सगळे हात धुऊन मागे लागलेत. मी एकटा कुठवर तोंड देऊ?”

माणूस वाईट नव्हता. शाळेचं गळकं छप्पर यांनीच खेटे घालून दुरुस्त करून घेतलं होतं. पण छप्पर गळतं ते दिसतं; शिकवणं गळतं ते कोणाला दिसतं?

क्रिया तशी प्रतिक्रिया हा नियम सतत सांगायच्या म्हणून मुलं बाईंना पाठीमागे ‘प्रतिक्रियाबाई’ म्हणत आणि बाईंना ते ठाऊक होतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फळ्यावर खडूने रॉकेट काढलं होतं. एक बाण खाली, एक बाण वर. मुलं बाण वहीत उतरवत, परीक्षेत काढत आणि विसरून जात. खरं उडणारं रॉकेट बाईंनी स्वतः पाहिलं ते केस पांढरे व्हायला लागल्यावर, याच पटांगणात, याच तासाला. हा तास मिळावा म्हणून त्यांनी एकामागून एक आलेल्या तीन मुख्याध्यापकांचं डोकं खाल्लं होतं. गेल्या आठवड्यात वजनकाट्याची बाटली शाळेच्या छपरावरून पलीकडे गेली, तेव्हा बाई मुलांसारख्या ओरडल्या होत्या.

“बाई, भरू?” वजनकाट्याने विचारलं.

बाईंना स्वतःचाच राग आला. “भर,” त्या म्हणाल्या.

पाहुण्यांनी पंपाला हात लावला. दोन दट्ट्यांतच पंप घट्ट झाला. बूच सुटलं, बाटली कशीबशी कमरेएवढी उडाली, तिथेच कलंडली आणि भकाभका सगळं लाल पाणी पहिल्या रांगेवर ओतून मोकळी झाली.

आधी पाहुणे हसले. पाहुणे हसले म्हणून पालक हसले, आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. एक आजोबा भिजलेला सदरा पिळत सांगत होते, “वा! काय उडवलंय पोरांनी!” फोटोवाल्याने पोरांना पुन्हा बाटली धरून उभं केलं.

मुख्याध्यापक माइकवर आले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. “आमच्या बाईंचा हा तास पुढच्या वर्षीही सुरू राहील! आणि रॉकेट याहून मोठं असेल!” पुन्हा टाळ्या. “बाई, दोन शब्द बोला. आभार माना.”

हवं होतं ते मिळालं होतं. आभार मानायचे आणि खाली बसायचं, एवढंच काम. बाईंनी माइक घेतला आणि त्यांची नजर पोरांकडे गेली. चार जण टाळ्यांनी फुलून आले होते. वजनकाटा तेवढी टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत होती, आपलंच काहीतरी चुकलं असावं तशी.

“रॉकेट फसलं,” बाई म्हणाल्या.

लोक हसले. त्यांना विनोद वाटला.

“खरंच फसलं. ते त्या छपरावरून पलीकडे जातं. मुलांनी महिनाभर भरून, उडवून, मोजून पाहिलंय. आज ते उडालं नाही, कारण आम्ही पाणी जास्त भरलं. मुलांनी नाही, मी भरायला सांगितलं.” त्यांनी पंपाकडे बोट दाखवलं. “ज्यांना खरं बघायचंय त्यांनी पाच मिनिटं थांबा.”

मुख्याध्यापकांनी माइक काढून घेतला. “बाई फार कडक आहेत,” ते हसत म्हणाले, “चला, चहा तयार आहे.” खुर्च्या सरकल्या. पाहुणे सदरा झटकत निघाले, त्यांच्यामागे सगळे. जाता जाता मुख्याध्यापक हळूच म्हणाले, “मी तुमच्यासाठीच केलं होतं हो सगळं.” त्यांना खरंच लागलं होतं, आणि तेच बाईंना जास्त झोंबलं.

वजनकाट्याने बाटली उचलली. “बाई, बरोबर पाणी भरून आणू?”

“आण.”

पण तेवढ्यात शिपाई पाट आणि पंप उचलायला आला. पटांगण मोकळं करायला सांगितलं होतं.

नव्या वर्षाच्या वेळापत्रकात बाईंच्या तासाच्या जागी सराव परीक्षा होती आणि पर्यवेक्षक म्हणून नाव बाईंचंच. पहिल्या दिवशी त्यांनी प्रश्नपत्रिका वाटल्या. तिसरा प्रश्न आकृतीचा होता: रॉकेटवरील बल बाणांनी दाखवा. वजनकाट्याने पट्टीने दोन बाण काढले, एक खाली, एक वर, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. बाई बाकांमधून फिरत राहिल्या. सबंध तासात कोणी काही विचारलं नाही.