चौदावा उंबरा

"आवतणाला निघालीस की एकही उंबरा चुकवायचा नाय गो आनंदी. भांडण असो, अबोला असो. जिथं चूल पेटते तिथं कुंकू पोचलं पायजे."

काशीबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती. पण सकाळी सहाणेवर चंदन उगाळायला बसलं की सासूचा हा आवाज आनंदीबाईंच्या कानाशी यायचा. आज तर नातीच्या लग्नाचं आवतण तीन दिवसांवर आलेलं, आणि ते घरच्या थोरल्या बाईनेच न्यायचं, सवाष्ण असो वा विधवा, अशी गावची रीत. आवाज जरा मोठ्यानेच आला.

आणि नेमके तेव्हाच महादेव भावोजी ओटीवर येऊन बसले.

"वयनी, बसा बसा, पूजा चालू द्या. मी बोलतो, तुमी ऐका."

ऐकण्यावाचून दुसरा इलाज नव्हता. नवरा गेला त्या वर्षापासून आनंदीबाईंनी व्रत घेतलं होतं, पूजा आटोपून नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. दूध उतू जावो, फोन वाजून वाजून थांबो, त्या बोलत नसत. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. महादेवरावांनाही होतं. पण ते गावकीचे प्रमुख. बोलायचं ठरवून आलेला माणूस दुसऱ्याच्या मौनापाशी थांबत नाही.

"रोयणीनं अर्ज काय मागं घेतला नाय," ते म्हणाले. "मुदत काल संपली. पंचवीस वर्सं आपला गाव बिनविरोध. पेणपासून रोह्यापत्तर लोक नाव काढतात. या खेपेला सरपंच बाई, आणि पाळी खालच्या आळीची. नूतनचं नाव ठरलं. सगळ्यांच्या देखत ठरलं. आणि ही उठली नि पेणला जाऊन अर्ज भरून आली. आता मतदान, पेट्या, पोलीस. कशापायी?"

आनंदीबाईंनी चंदनाची वाटी देवापुढे सरकवली.

"तर काल बसलो आमी. वाळीत-बिळीत शब्द कुणी काढायचा नाय, कायदा हाय. आपण फक्त तिच्या दारात जायाचं नाय, येवढंच. तुमचं आवतण गुरवारी निघतंय. चौदावं घर सोडा नि पंधराव्याला जावा. कोण मोजतोय?"

आनंदीबाईंनी उजवा हात वर केला. थांबा, पूजा होऊ दे, मग बोलते, असं त्यांना म्हणायचं होतं. महादेवरावांनी तो हात पाहिला, समाधानाने मान हलवली आणि चपला पायांत सरकवल्या.

"मला ठावं होतं. तुमच्यासारखी धर्माची बाई दुसरं काय म्हणणार?"

माळेचे एकशे आठ मणी संपून नैवेद्य दाखवला तेव्हा त्यांची मोटारसायकल नागोठण्याच्या वाटेला लागलेली होती.

दुपारी चार बायका ओटीवर भिजवलेले वाल सोलायला बसल्या. केळवणाचं बिरडं होतं. टरफलांचा ढीग वाढत होता, तशा गप्पाही. शेजारची हौसा, जी आवतणाला नेहमी आनंदीबाईंच्या जोडीने निघायची, सहज म्हणाली, "बरं झालं बाय, तुमीपण हो म्हणलात. मला धाकधूक होती."

"कशाला हो म्हणाले मी?"

"चौदावं घर सोडायला. भावोजींनी देवळापाशी सांगितलं की सगळ्यांना. म्हणले, वयनींनी हात करून होकार दिला."

आनंदीबाईंच्या बोटांतला वाल निसटून ताटात पडला. त्यांनी तो उचलून नीट सोलला. "मी मौनात होते गो," त्या हळूच म्हणाल्या.

"मग? गप्प बसलं म्हंजे हो नाय तर काय?" हौसा हसली. "माझ्या लग्नात मला तरी कुणी विचारलंन? गप्प होते, झालं लगीन!"

सगळ्या हसल्या. आनंदीबाईही हसल्या, पण ते हसू ओठांवरच राहिलं. त्यांना बायजा आठवली.

बायजा म्हणजे काशीबाईंच्या वेळची, ओढ्याकाठची. तिच्या नवऱ्याने गावकीच्या कसल्याशा ठरावाला नकार दिला म्हणून तीन वर्षं त्या घरात गाव गेला नाही. त्या तीन वर्षांत काशीबाईंच्या लेकीचं लग्न झालं, आणि त्या कुंकवाचा करंडा घेऊन बायजाच्या दारावरून खाली मान घालून पुढे गेल्या. बायजा दारातच उभी होती. केस विंचरलेले, नवं लुगडं नेसलेली. आवतण येईल म्हणून तयार होऊन बसलेली.

"ते नवं लुगडं मला मरताना दिसेल गो," काशीबाई म्हणायच्या. शेवटच्या दुखण्यात त्यांनी तो पितळी करंडा सुनेच्या हातात दिला आणि वर आपला हात ठेवला. "मी एकदा चुकवला. आता बायजा नाय, कुठल्या दारात जाऊन सांगू? तू चुकवू नको." आणि आनंदीबाईंनी देवासमोर हो म्हटलं होतं. तोंडाने, स्वच्छ आवाजात.

संध्याकाळी नात, तनया, पेणहून आली. ती तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवायची. वडखळच्या फाट्यावर तासभर अडकलेली, त्यात हातात वह्यांचा गठ्ठा. चहा घेऊन ती वह्या तपासायला बसली. आनंदीबाई वाती वळत होत्या.

"काय विचारलंयस पोरांना?"

"उदारमतवाद म्हणजे काय, आणि पुराणमतवादाशी त्याचा फरक सांगा. पाच मार्कांना."

"मला सांग बघू. मार्क नको देऊस."

तनया हसली. "उदारमतवादी म्हणतो, आधी एकेक माणूस, मग समाज. ज्याला जे पटेल ते त्याने बोलावं, करावं. दुसऱ्याला इजा होत नाही तोवर कुणी आड येऊ नये. आणि पुराणमतवादी म्हणतो, रीती उगाच पडल्या नाहीत. पिढ्यांनी वापरून बघितल्यात. एकट्याच्या अकलेपेक्षा त्यांच्यात शहाणपण जास्त. मोडायच्या आधी दहा वेळा विचार करा."

"हे दुसरं बरोबर हाय."

"तू त्यातलीच आहेस. पक्की!"

"आणि पहिलं पण बरोबर हाय."

"दोन्ही बरोबर लिहिलं तर मी मार्क कापते, आजी."

"काप. माझे सोमवार, माझ्या चतुर्थ्या, माझं मौन, यातलं काय मी सोडलं? पण उपास माझ्या पोटाचा. तुझ्या ताटातला घास मी कधी काढला? पेणला अंडं खातेस, मला ठावं नाय व्हय?"

तनयाने जीभ चावली. आनंदीबाईंनी वात दुमडून डब्यात ठेवली आणि सकाळपासूनचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तनयाच्या हातातलं लाल पेन थांबलं.

"आजी," ती म्हणाली, "चूक आहे ते. रोहिणीवहिनीने काही वाईट केलेलं नाही. पण... तू लग्नानंतर जा ना तिच्याकडे. बारा दिवसांचा तर प्रश्न आहे. गावाने पाठ फिरवली तर मांडव कोण घालणार? हळदीला कोण येणार? बाबा शिफ्ट सांभाळून एकटे काय काय करतील?" तिने हातातली वही मिटली. "लहानपणापासून मी सगळ्यांच्या हळदीला गाणी म्हटलीयत. माझ्या हळदीला अंगण रिकामं असलं तर?"

आनंदीबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. नातीला पुस्तकातलं सगळं कळत होतं, आणि तिची भीतीही खरी होती. त्यांना तिचा राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर देवळात जाताना रोहिणी अंगण झाडताना दिसली. आनंदीबाईंना पाहून तिने पदर खोचला आणि कुंपणापाशी आली. तिशीची, दोन लेकरांची आई, बोलायला खणखणीत. आज मात्र आवाज उतरलेला होता.

"काकी, तुमी गुरवारी इथं येऊ नका. मला सगळं कळलंय. तनूचं लगीन सुखात होऊ दे."

"तू अर्ज का भरलास गो? नूतन काय वाईट हाय?"

"नूतन माझी मैत्रीण हाय, काकी. पण आमच्या आळीची पाळी यायला पंधरा वर्सं. तवा बाईची जागा असंल कशावरून? मला आता करायचंय. पडले तर पडले. पण मला नको म्हणायचं तर गावानं म्हणावं, मत देऊन. बसून ठरवणाऱ्या सात बाप्यांनी नाय."

आनंदीबाईंनी जरा विचार केला. "मी तुला मत देणार नाय हो, सांगून ठेवते. पाळी म्हंजे पाळी. मी नूतनलाच देणार."

रोहिणी बघतच राहिली. मग फसकन हसली. "मग येताय कशाला?"

"आवतण मतासाठी नसतं, बाय," आनंदीबाई म्हणाल्या आणि देवळाकडे वळल्या.

तिथून त्या थेट महादेवरावांच्या ओटीवर गेल्या. ते सुपारी कातरत होते.

"भावोजी, काल मी बोलत नव्हते. म्हंजे मला काय म्हणायचं नव्हतं, असं नाय. मी हात केला तो थांबा म्हणून."

अडकित्ता थांबला. "मग आता म्हणा."

"मी सगळ्या दारात जाणार. चौदाव्या पण."

महादेवरावांचा चेहरा उतरला. रागाआधी त्यांना दुखावल्यासारखं झालं होतं, ते आनंदीबाईंना स्पष्ट दिसलं. "वयनी, अंबा नदीला पूर आला तवा तुमचं घर कुणी उपसलं? दादा मुंबईला इस्पितळात होता तवा रक्त द्यायला अठरा माणसं गेली. कुणी म्हणलं का, मला पटत नाय, मी येत नाय? गावकीनं नाव घेतलं, माणूस उठला. आज एकीला मोकळी सोडली की उद्या कोण कुणासाठी उठंल? गाव म्हंजे मोळी हो. दोर सुटला की काटक्या."

हे खोटं नव्हतं. आनंदीबाईंना ती अठराही माणसं नावांसकट पाठ होती. दर वर्षी नवऱ्याच्या तिथीला त्या त्यांच्यासाठी देवापुढे वेगळा दिवा लावत.

"ते मी विसरले तर देव मला विसरेल," त्या म्हणाल्या. "पण त्या अठरांत रोयणीचा सासरा होता, भावोजी. दोनदा गेला तो."

महादेवरावांनी अडकित्ता खाली ठेवला.

"तुमची रीत मोडा असं मी म्हणत नाय. मी रीतीनंच चाललेय. मत पण तुमी ठरवलंत तिलाच देणार. पण तिला उभं राहावंसं वाटलं तर राहू दे. त्यापायी तिच्या दारातलं कुंकू बंद करायचं, हे धर्मात कुठं लिवलंय? पंचवीस वर्सं गाव बिनविरोध. त्यात पटलेली किती नि माझ्यासारखी नुसती गप्प बसलेली किती, कुणी विचारलं?"

"तुमच्या मांडवात गाव येणार नाय मग. माझ्या हातात राहणार नाय ते."

"यायचं त्यानं यावं. न येणाऱ्याच्या दारात पण मी पुन्हा जाईन, पुढच्या कार्याला." त्या उठल्या. उंबऱ्याशी थांबून म्हणाल्या, "आवाज चढला असंल तर माफ करा."

आवाज मुळीच चढला नव्हता. आत भांडी घासणारी भावोजींची बायको मात्र कधीची हात थांबवून ऐकत होती.

गुरुवारी पूजा झाली, नैवेद्य झाला. मौन सुटल्यावर पहिला शब्द नेहमीप्रमाणे देवाचाच निघाला. तेवढ्यात हौसाचा फोन आला. गुडघा धरलाय, उठवतच नाही. काल संध्याकाळी ती बांधावरून वालाच्या शेंगांची पाटी डोक्यावर घेऊन तरातरा येताना आनंदीबाईंनी पाहिली होती. "शेकून घे गो," एवढंच त्या म्हणाल्या. आवतण जोडीने करायचं असतं, आणि नवरीने स्वतः जायचं नसतं. म्हणजे आज एकटीनेच निघायचं.

त्या करंडा घ्यायला कोनाड्याशी गेल्या. करंडा आधीच चिंचेने लखलखीत घासून ठेवलेला होता, काठोकाठ कुंकवाने भरलेला. शेजारी अक्षतांची वाटी. तनया पाठमोरी उभी राहून वह्या पिशवीत भरत होती. तिच्या बोटांना अजून कुंकू होतं.

"आजी, वाटीत अक्षता सगळ्या घरांपुरत्या आहेत," ती म्हणाली. वळली मात्र नाही. "मी मोजून घातल्यात."

आनंदीबाईंनी अक्षतांची वाटी डाव्या हातात घेतली. त्यांनी इरकली लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतला, करंडा उजव्या हातात धरला.

देवळात पहिलं कुंकू देवाला लावलं. बाहेर आल्या तेव्हा आळीत ऊन उतरलं होतं. दोन-तीन दारांत बायका उभ्या होत्या, त्यांना पाहून एक आत गेली. लांब, आळी वळते तिथे, चौदाव्या घरापुढे रांगोळी दिसत होती. आनंदीबाईंनी तिकडे घाई केली नाही. मुद्दाम आधी नाही आणि मागच्या वाटेने शेवटी नाही. घर जिथे आहे तिथेच त्याचा नंबर.

देवळानंतरचा पहिला उंबरा महादेव भावोजींचा. ते ओटीवर बसले होते, हातात अडकित्ता, नजर रस्त्यावर. आनंदीबाईंनी वाटीतल्या दोन अक्षता चिमटीत घेतल्या आणि त्या उंबऱ्याकडे चालू लागल्या.