शून्य दराची निविदा

माझी अख्खी नोकरी रकाने भरण्यात गेली. रकाना कोरा दिसला की माझं डोकं फिरायचं. लातुरातल्या आमच्या कार्यालयात, माधवरावांच्या टेबलावरून अपुरा कागद पुढे जात नाही असं शिपायापासून साहेबापर्यंत सगळे म्हणायचे, आणि मी आपला फुगायचो.

भूकंपाला दहा वर्षं होत आली तेव्हा भूकंपग्रस्तांच्या नोंदवह्या संगणकावर घ्यायचं ठरलं. कुणाचं घर पडलं, घरात कोण होतं, सगळं त्या वह्यांत. त्यावरूनच दाखला मिळायचा, आणि दाखल्यावर सरकारी नोकरीत राखीव जागा. सॉफ्टवेअरसाठी तीन निविदा आल्या. दोन कंपन्यांच्या. तिसरी मृण्मयी नावाच्या बाईंची. त्या इथल्याच एका कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायच्या. त्यांनी दराच्या रकान्यात शून्य लिहिलं होतं.

"बाई, हे काय?"

"सर, हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. वापरा, बदला, दुसऱ्या ऑफिसला द्या. आतलं सगळं उघडं आहे. उद्या आम्ही नसलो तरी कुणीही दुरुस्त करेल."

"शून्य हा काय दर झाला? ऑडिटवाले माझी मुंडी पिरगाळतील."

मी शेरा मारला, 'निविदा अपूर्ण'. बाई चिवट, तीनदा आल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "बरं, कंपनीचंच घ्या. पण करारात एक ओळ घाला. सगळ्या नोंदी कुणालाही उघडता येतील अशा साध्या फाइलीत आपल्याकडे राहतील, एवढंच." एका ओळीसाठी मसुदा पुन्हा टाइप करावा लागला असता. मार्च संपत आला होता. मी म्हणालो, "पुढच्या खेपेला बघू."

मग वह्यांना वाळवी लागली. आता संगणकावर आहेच की, म्हणून मीच टिपणी ठेवली आणि वह्या रद्दीत घातल्या.

मी निवृत्त झालो, कंपनीही बंद पडली. मग एके दिवशी औशाकडचा वैजनाथ त्याच्या पोरीला, पुनमला घेऊन घरी आला. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये बसून त्याच्या कुटुंबाची नोंद मीच घेतली होती. पुनम तेव्हा दोन वर्षांची, ढिगाऱ्यातून जिवंत काढलेली.

"काका," पुनम म्हणाली, "भरती निघालीय. वीस तारखेच्या आत दाखला पाहिजे, अन् ऑफिसात म्हणतात रेकॉर्ड उघडंना."

मी तिच्यासोबत गेलो. संगणक सॉफ्टवेअरच्या परवान्याचा क्रमांक मागायचा. कंपनीचा फोन केव्हाच बंद झालेला. मी घेतलेली नोंद मला आठवते, असं मी नव्या साहेबांना सांगितलं, लेखी दिलं. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, आठवणीवर दाखला देता येत नाही.

मग निर्लज्जासारखा मृण्मयीबाईंना फोन केला. क्लासला सुट्टी टाकून बिचाऱ्या दोन दिवस त्या मशीनपुढे बसल्या. शेवटी म्हणाल्या, "आतली मांडणी फक्त कंपनीलाच ठाऊक होती, सर. महिनाभर लागेल, तरी खात्री नाही." जुन्या गोष्टीबद्दल अवाक्षर काढलं नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. लाज वाटली. अजून वाटते.

वीस तारीख गेली. पुनम आता एका क्लासच्या मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीला आहे.

परवा वैजनाथ भुईमुगाच्या शेंगा घेऊन आला. नको म्हणालो तरी पिशवी ठेवलीच.

"आमच्यासाठी कोण एवढं पळतंय, साहेब? पुनम तर अजून तुमचंच नाव घेती. त्या वक्ताला हापिसात खरेदीवर कोण बसला व्हता की. तुमच्यासारखा माणूस असता तर पोरीचं असं झालं नसतं."

तो मीच होतो, हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

मी त्याला विचारलं, साखर पुरेशी आहे का.

"हाव," तो म्हणाला, "बराबर हाय."