चौदा किलो शिसं

बाळ आठ महिन्यांचं झालं आणि मिसुझु पुन्हा पाण्यात उतरली. फेब्रुवारीचा महिना, उत्तर जपानमधल्या मुत्सूच्या खाडीचं पाणी चार अंशांवर आलेलं. पाण्यात दोरांना टांगलेल्या टोपल्यांतलं शिंपल्यांचं शेत दर हिवाळ्यात खालून तपासावं लागतं. कुठला दोर घासलाय, कुठल्या टोपल्या एकमेकींत गुंतल्यात, ते वरून कळत नाही. चाळीस वर्षं हे काम तिच्या सासऱ्यांनी, इवाझो काकिझाकींनी केलं होतं. त्यांची कंबर गेली तेव्हा त्यांनी ते सुनेला शिकवलं. ती दक्षिणेतल्या कोमट समुद्रात पर्यटकांना मासे दाखवणारी. इथे तीन हिवाळ्यांत तयार झाली. नवरा, कोहेई, बोट सांभाळायचा. इवाझो बोटीच्या कडेशी बसून तिचा दोर धरायचे आणि दिवसभरात फार तर दहा शब्द बोलायचे.

ह्या पाण्यात ड्रायसूटशिवाय निभाव नाही. आत लोकरीचे दोन थर आणि त्यांच्यात कोंडलेली हवा; माणूस कोरडा राहतो, पण ती हवा त्याला खाली जाऊ देत नाही. म्हणून शिसं बांधायचं. मिसुझुला चौदा किलो लागायचं. सगळं एकाच पट्ट्यावर, कमरेला. इवाझो तसंच बांधत आले होते.

पहिल्याच दिवशी तो पट्टा बरोबर तिच्या टाक्यांवर बसला. बाळ पोट फाडून काढावं लागलं होतं. जखम भरली होती, पण आतून अजून हुळहुळी होती. पट्टा सैल केला तर घसरायचा, आवळला तर डोळ्यांत पाणी यायचं. ती कुणाला काही बोलली नाही. सासऱ्यांना काय सांगणार, आणि कोहेईला सांगितलं तर तो घरीच बसवणार. तिसऱ्या दिवशी तिने गुपचूप चार किलो काढून टाकलं.

कशीबशी दोर धरून ती चार मीटर खाली गेली. हात सोडायचा अवकाश, सूटमधली हवा पायांकडे धावली, ती उलटी झाली आणि बूट आभाळाकडे करून वर आली. कोहेई आधी हसला, मग तिचा चेहरा बघून त्याने बोट तिच्याकडे वळवली. इवाझोंनी दोर ओढून तिला बोटीशी आणलं. तेवढंच.

संध्याकाळी बाळाला न्हाऊ घालायला जाताना तिच्या कानावर आलं. सासरे कोहेईला सांगत होते, "यंदा पलीकडच्या गावचा पाणबुड्या बोलवू. मिसुझु नको."

ती गरम पाण्याच्या टबात बाळाला छातीशी धरून बसली आणि रडू येऊ नये म्हणून त्याची बोटं मोजत राहिली. थोड्या वेळाने सासूबाई, कियोनो, टॉवेल पसरून बाळाला घ्यायला आल्या. मिसुझु उठून उभी राहिली आणि सासूबाईंची नजर तिच्या पोटावर थांबली.

"हे काय गं? निळंजांभळं?"

"काही नाही, आई. पट्टा लागला जरा."

"जरा? ह्याला जरा म्हणतात?" त्यांनी बाळाला गुंडाळलं आणि तशाच स्वयंपाकघरात गेल्या. पुढचं मिसुझुला भिंतीतून स्पष्ट ऐकू आलं.

"अहो, चाळीस वर्षं समुद्राचा तळ बघितलात, शेजारी बसलेल्या पोरीचं तोंड नाही बघता आलं?"

"काय झालं?"

"टाके आहेत तिला तिथे! त्यावर तुमचं ते शिसं!"

 मग सरकत्या दाराचा आवाज आला, आणि बर्फावरून शेडकडे जाणाऱ्या बुटांचा.

दुसऱ्या दिवशी शेडमधून शिसं वितळल्याचा वास येत होता. दुपारी इवाझो चहाला घरात आले आणि दारातच उभे राहिले. कियोनो नातवाला पाठीशी बांधून मुळा किसत होत्या.

"ते ओझं नेमकं कुठे लागतं तुला?" त्यांनी विचारलं.

"खांद्यावर थोडं, पाठीवर थोडं. आणि हे ओझं नाही, नातू आहे तुमचा."

"पोटाला?"

"पोटाला कशाला लागेल?"

इवाझो चहा न घेताच परत गेले.

संध्याकाळी मिसुझु स्वयंपाकघरात आली तर सासूबाई हात पसरून मधोमध उभ्या. अंगात मासेमारीच्या जुन्या जाकिटाचे पट्टे कापून शिवलेलं काहीतरी. खांद्यांवरून येऊन पाठीवर फुली, आणि फुलीखाली शिशाचे खिसे. इवाझो दातांत सुई धरून मागे गुडघ्यांवर बसलेले.

"ये, ये," कियोनो म्हणाल्या. "तुझं माप घ्यायची ह्यांना लाज वाटते, म्हणून मला शिशात उभं केलंय. मी तुझ्याहून वीतभर बुटकी आणि दोन विती रुंद. कसं व्हायचं?"

"हलू नकोस," इवाझो दातांतून म्हणाले. मान वर न करता त्यांनी मिसुझुला सांगितलं, "सहा किलो पाठीवर. दोन किलो हवेच्या टाकीच्या पट्ट्याला. घोट्यांना अर्धा-अर्धा, म्हणजे पाय वर जाणार नाहीत. उरलं पाच, ते कमरेच्या हाडावर, पोटावर नाही. हा लाल फास ओढला की पाठीचं सगळं एकदम सुटलं पाहिजे. डोळे मिटून ओढून बघायचं, दहा वेळा."

तिने त्यांना एका दमात एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"पण बाबा, पलीकडच्या गावचा पाणबुड्या..."

"तू उलटी झालीस तेव्हा मीच घाबरलो होतो," ते म्हणाले. "दोर सुटला असता हातातून, म्हणून बोललो. आता नको तो."

रविवारी धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात चाचणी ठरली. कोहेई भरलेली टाकी घेऊन आला तर इवाझो त्याच्यावर खेकसले, "भरलेल्या टाकीने कुणीही बुडतं! संपत आलेली आण. शेवटी टाकी हलकी होते, तेव्हा ती खाली राहिली पाहिजे."

पहिल्यांदा ती जास्तच पुढे झुकली. इवाझोंनी टाकीवरचं एक किलो काढून कमरेला दिलं. दुसऱ्यांदा पाणी डोळ्यांशी आलं आणि ती तिथेच थांबली, ना वर ना खाली. कोहेईने टाळी वाजवली.

मंगळवारी ती शेतात उतरली. सूटमध्ये थोडी हवा सोडली आणि बारा मीटरवर आडवी तरंगत राहिली. पाय मागे सरळ, पोट मोकळं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच आपल्याला पोट आहे ह्याचा तिला विसर पडला. हिरव्या अंधारात टोपल्यांची रांग लांबवर गेली होती. शिंपल्या तिच्या हातदिव्याने दचकून मिटत होत्या. एका टोपलीवर शिंपल्या खाणारे दोन तारामासे बसले होते. तिने सावकाश एकेक सोडवून काढला. नांगराचा एक दोर निम्मा झिजला होता, त्याला खुणेची पट्टी बांधली. चाळीस मिनिटं कशी गेली, कळलं नाही.

ती वर आली तेव्हा इवाझो पाण्यात डोकावत बोटीच्या कडेवर जवळजवळ आडवे झाले होते. त्यांनी स्वतः तिच्या पाठीवरचं शिसं सोडवून घेतलं. कोहेईने मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, गरम साराचा पेला तिच्या हातात दिला.

"कुठे टोचतंय?" इवाझोंनी विचारलं.

"नाही बाबा, छान आहे."

"नीट सांग. मला चाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही, म्हणून मीही कुणाला विचारलं नाही. कुठे टोचतंय?"

मिसुझुने पेला दोन्ही हातांत धरून विचार केला.

"डावा खांदा. शिवण येते तिथे. अगदी थोडं."

इवाझोंचा चेहरा उजळला. त्यांनी खिशातून सुईदोरा काढला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि हलत्या बोटीतच ती शिवण उसवायला घेतली.